लिहिणं तुझं, धुणं माझं

भेस्तान, सुरत
३ नोव्हेंबर २०२५

हेमराज,

पाकिटावरचं अक्षर बघूनच पत्र कोणाचं ते तुला कळलं असेल. फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच. पोस्टातल्या बाईंनी तुझा पत्ता मला तीनदा विचारून स्वतःच्या हाताने माझ्या अक्षराखाली पुन्हा लिहिला आहे, त्यांच्या कष्टांचा तरी मान ठेव.

फोनच करणार होतो. केलाही, दिवाळीत, दोनदा. पहिल्यांदा मी "सुकदेव बोलतोय, सुरतहून" म्हणालो आणि तू म्हणालास, "राँग नंबर शे." दुसऱ्यांदा मी नुसता खोकलो, तरी तू तेच म्हणालास. माझा खोकला ओळखणारा राँग नंबर मला तरी पहिल्यांदाच भेटला. म्हणून पत्र.

आपल्या दहावीच्या वर्गाचा, म्हणजे १९८४ सालच्या, व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला आहे. गजेंद्रने काढला. आठवीत तो मॉनिटर झाला तो अजून उतरलेला नाही. त्याचं खताबियाण्यांचं दुकान तू रोज जाता-येता बघत असशील. रोज पहाटे तो ग्रुपवर उगवत्या सूर्याचं चित्र टाकतो आणि कोणी नमस्कार केला नाही याची हजेरी घेतो. माझ्याखेरीज एकतीस जण आहेत. तुझा फोन बटणांचा, म्हणून तूच तेवढा नाहीस. तर ठरलं असं की २८ डिसेंबरला, रविवारी, बोरखेड्याला शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांनी जमायचं आणि बोरसे सरांचा सत्कार करायचा. सर शहाऐंशी वर्षांचे झाले. गजेंद्र म्हणतो, चष्मा जाड झालाय, आवाज तोच आहे.

तुला बोलावण्याचं काम माझ्याकडे आलं. सगळे म्हणाले, तुम्ही दोघं बोर्डिंगात एका खोलीत राहिलेले, एका ताटात जेवलेले, तुझं तो ऐकेल. मी बरं म्हणालो. आपण बेचाळीस वर्षं बोललेलो नाही हे ग्रुपला ठाऊक नाही, आणि मीही ते सांगत बसलो नाही.

माझं ठीक आहे. पांडेसऱ्यात एका मिलमध्ये डाइंग मास्तर आहे, म्हणजे साडीच्या कापडाला पाहिजे तो रंग आणून देतो. मुलगा प्रवीण हजिऱ्याला कंपनीत आहे. सून आली, नात पहिलीत जाते. गुडघे बोलतात, पण ऐकावं लागतं इतकंही नाही.

आणखी एक बारीक काम होतं. तू अजून दुकानांचे बोर्ड रंगवतोस ना? की फ्लेक्स आल्यावर सोडलंस? हात अजून पहिल्यासारखा चालतो का? सहज विचारलं. उत्तर आलं की काम सांगतो.

तुझा (हे सवयीने लिहिलं)
सुकदेव


भेस्तान
१५ नोव्हेंबर

हेमराज,

अक्षर बदललेलं बघून गोंधळू नकोस. हे पत्र मी सांगतोय आणि माझी सून प्रियांका लिहितेय. तू माझं पत्र मलाच परत पाठवलंस, आणि त्यावर लाल शाईत तीन शब्द: "वाचता येत नाही." तीनच शब्द, पण काय देखणे. रंजनाने, म्हणजे माझ्या बायकोने, ते उजेडात धरून बघितले आणि म्हणाली, "हाई कोन्हं अक्षर शे? लगननी पत्रिका वाटी ऱ्हायनी." मी म्हटलं, माझा मित्र आहे. ती म्हणाली, मग इतकी वर्षं कुठे होता?

प्रियांका इथे सुरतेतच वाढली, गुजराती शाळेत शिकली, त्यामुळे तिच्या अक्षरांना वरची रेघ नसते. मी म्हटलं, रेघ मार. ती म्हणते, "पप्पा, रेघ मारली की अक्षर दोरीवर वाळत घातल्यासारखं लागे छे." तर तू मनातल्या मनात रेघ ओढून घे.

काम असं. सरांना मानपत्र द्यायचं आहे, आणि ते छापायचं नाही, हाताने लिहायचं, असा गजेंद्रचा हट्ट. आणि लिहायचं मी. कारण त्याने शाळेच्या हॉलमधल्या त्या मोठ्या लाकडी बोर्डाचा फोटो ग्रुपवर टाकला. त्यावर सगळ्या बक्षिसांची नावं आहेत ना, त्यात आहेच, "सुंदर हस्ताक्षर, १९८४ : सुकदेव पाटील." एकतीस जणांनी अंगठे दाखवले. प्रवीणने तो फोटो मोठा करून आणला आणि दिवाणखान्यात लावला.

(काका, मी प्रियांका. हे पप्पांनी सांगितलेलं नाही, माझं मी लिहिते. ते बोर्डावरचं खरं आहे का? पप्पांनी लिहिलेली किराण्याची यादी दुकानदार परत पाठवतो. मिलमध्येही त्यांना रजिस्टरात हात लावू देत नाहीत. एकदा त्यांनी लिहिलेला शेड नंबर कारागिराने चुकीचा वाचला आणि गुलाबी व्हायच्या साड्या पोपटी झाल्या.)

काय लिहितेस इतकं? मी तर काहीच सांगितलं नाही. असो. तर हेमराज, सध्या लग्नसराईमुळे मिलमध्ये फार घाई आहे. मला बसून लिहायला अजिबात सवड नाही. तर मजकूर मी देतो, तू तेवढं मानपत्र लिहून पाठव. खाली नाव काय, वर्गाचंच जाणार. कोणी लिहिलं ते कोण विचारतंय.

(काका, काल पप्पा तीन तास टीव्ही बघत होते.)

बाकीचं हिच्यासमोर सांगता येत नाही. समजून घे.

सुकदेव


पांडेसरा, मिलच्या कँटीनमधून
२६ नोव्हेंबर

हेमराज,

तुझं कार्ड मिळालं. "सूनबाईंचं अक्षर चांगलं आहे. तुला काय हवं ते कळलं. का हवं ते लिही. स्वतः लिही." कार्ड आधी सुनेच्या हातात पडलं आणि आता घरात मला मान खाली घालून जेवावं लागतं.

स्वतः लिहितोय. एकेक अक्षर दगड रचावा तसं रचतोय. वाचता आलं नाही तर भिंग घे, पण परत पाठवू नकोस.

तुला माहीत आहे ते तुलाच लिहायचं, हा मला अन्याय वाटतो. पण तुला ते माझ्या हातचं हवंय, तर घे.

आठवीत आपण बोर्डिंगात आलो तेव्हा तुला कपडे धुता येत नव्हते. तू शर्टाच्या कॉलरला साबण दाखवायचास आणि वाळत घालायचास. तुझ्या शर्टाला वास यायचा. हे पूर्वी कधी म्हणालो नाही, आता म्हणतो. आणि माझं अक्षर. पहिल्याच आठवड्यात बोरसे सरांनी माझी विज्ञानाची वही उघडली आणि म्हणाले, बेडकाचे पाय बरे काढलेत, पण नावं दे. ती आकृती नव्हती, उत्तर होतं. त्या संध्याकाळी बोर्डिंगच्या हौदावर मी माझ्याबरोबर तुझाही शर्ट धुतला, आणि तू माझी वही पुन्हा लिहून दिलीस. आणि तू म्हणालास, "लिहिणं मन्हं, धुणं तुन्हं." तिथून सुरू झालं ते दहावीपर्यंत. माझी एकूणएक वही तुझ्या हाताची. परीक्षेत माझ्या हाताचं अक्षर यायचं तेव्हा सर म्हणायचे, पोरगा घाईत बिघडतो, वहीत बघा कसा लिहितो.

मग २६ जानेवारी १९८४. झेंडावंदन झाल्यावर बक्षिसं. सरांनी अक्षराची स्पर्धा घेतलीच नव्हती. म्हणाले, स्पर्धेत एक पान कोणीही नटवून लिहील, मी वर्षभराच्या वह्या बघतो. त्यांनी आपल्या दोघांच्या वह्या सगळ्या शाळेला उंच धरून दाखवल्या आणि म्हणाले, "पहिला सुकदेव. हेमराजचंही अक्षर चांगलं आहे, पण ती सुकदेवची नक्कल आहे. नक्कल ती नक्कल."

शाळा हसली. मी व्यासपीठावर गेलो आणि पेन घेतलं. मरून रंगाचं, सोनेरी टोपणाचं शाईपेन.

वर असताना वाटलं, खाली उतरल्यावर सांगू. खाली आलो तर तू उठून गेला होतास. मग वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तुझी पथारी दुसऱ्या खोलीत होती. मी सांगायला हवं होतं, हेमराज. तुझ्या अक्षराला सर नक्कल म्हणाले आणि मी पेन खिशाला लावून उभा राहिलो. मला याची लाज वाटते, आणि ती जुनी झाली म्हणून कमी झालेली नाही.

पेन अजून आहे माझ्याकडे. एक दिवस धड चाललं नाही, पहिल्यापासून गळतं. म्हणशील तर तुझ्या तोंडावर आणून मारतो, पण मानपत्र लिहून दे. त्या हॉलमध्ये एकतीस जणांसमोर माझं अक्षर बाहेर पडलं तर मी सुरतेहून तोंड दाखवायला परत यायचा नाही. आणि फोटो तर दिवाणखान्यात आहे.

सुकदेव


भेस्तान
७ डिसेंबर

हेमराज,

"बक्षीस तुझं आहे, मानपत्रही तूच लिही. दुरेघी वही आण. रोज एक पान." हे तुझं कार्ड, आणि सोबत कित्त्याचं पान. अ, आ, इ, ई. मी सत्तावन्न वर्षांचा आहे.

आता ऐक. मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. तुला वाचवायला लिहिली नव्हती. पण तू मला "अ" गिरवायला लावतोस तर मलाही आठवण आहे.

अक्षराच्या आधी कोणतं बक्षीस झालं? बोल की. "टापटीप गणवेश : हेमराज महाजन." सरांनी तुला वर बोलावलं, तुझी कॉलर दोन बोटांत धरली आणि शाळेला सांगितलं, "शर्ट असा असतो. काच आहे काच." ती काच कोणी केली होती? नीळ कोणी दिली, भाताच्या पेजेची खळ कोणी केली, तांब्यात निखारे भरून इस्त्री कोणी फिरवली? आणि एवढ्यावर थांबले असते तर ठीक. त्यांनी मला ओळीतून उभं केलं. माझा शर्ट करडा होता. म्हणाले, "सुकदेव, तू याच्याच खोलीत राहतोस ना? याच्याकडून शीक काहीतरी." तेव्हाही शाळा हसली. तीच शाळा, तीच पोरं, पाच मिनिटं आधी.

तू काय केलंस? साबणाच्या दोन वड्यांचा डबा घेतलास आणि माझ्याकडे न बघता खाली येऊन बसलास. मी तिकडे उभाच होतो. मला वाटलं, हेमराज आता बोलेल. तू डब्याचं झाकण लावत होतास. मग माझं नाव पुकारलं गेलं, आणि मी चालत जाताना मनात म्हणालो, याने घेतलं तर मीही घेतो.

तर पाच मिनिटांचा का होईना, आधी तू आहेस. राग तुला आला तसा मलाही आला होता. फरक इतकाच की तू मुका राहिलास आणि तुझा राग मोठा ठरला.

त्यानंतर दीड महिन्यात बोर्डाची परीक्षा. तू मळक्या शर्टात बसलास आणि पास झालास. मी माझ्या अक्षरात पेपर लिहिले आणि दोन विषयांत गेलो. ग्रुपवर सगळ्यांना वाटतं सुकदेव धंद्यासाठी सुरतेला गेला. मी नापास होऊन आलो. मिलमध्ये विचारलं, काय येतं? मी म्हटलं, धुता येतं. कापड धुण्याच्या खात्यात लागलो, तिथून रंगाकडे सरकलो. तुझ्या शर्टांवर हात बसला होता म्हणून पोट भरलं, हेही लिहून टाकतो, राग असला तरी.

मानपत्राचं सोड. मी तुला पुन्हा विचारणार नाही.

सुकदेव

ता. क. दुरेघी वही आणली आहे. रागाने आणली आहे.


भेस्तान
१८ डिसेंबर

हेमराज,

अकरा दिवस झाले, तुझं कार्ड नाही. पोस्टमन आता मला लांबूनच मान हलवून दाखवतो.

मी जास्त बोललो. बोललो ते खोटं नव्हतं, पण असं फेकून मारायचं नव्हतं. साबणाचा डबा आणि दोघांचंही न बोलणं तराजूत घालून मी कोणाला काय दाखवणार होतो कोण जाणे. मला तुझ्याशी भांडायचं नव्हतं. भांडण तर आपलं बेचाळीस वर्षं झालंच नाही, तेच तर चुकलं.

रोज एक पान लिहितो. नात आणि मी समोरासमोर बसतो. तिचा "क" माझ्यापेक्षा उभा येतो. रंजना म्हणते, "नात संगे तुम्ही बी शाळामा जा, घर तरी साफ राही." मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत लिहितो तेव्हा कारागीर मागे उभे राहून बघतात. कोणी हसत नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

मानपत्र मीच लिहायचं ठरवलं आहे. मजकुराचं कच्चं पान सोबत पाठवतोय. तपासून परत पाठव म्हणून नाही, नुसतं.

आता ज्यासाठी पत्र लिहितो ते. काल गजेंद्रने ग्रुपवर टाकलं की हॉलला रंग देणं चालू आहे आणि "बक्षिसांचा बोर्ड हेमराजकडे दिला आहे, नेहमीप्रमाणे." मी लगेच फोन करून विचारलं, नेहमीप्रमाणे म्हणजे? तो म्हणाला, अरे, तोच रंगवतो ना, १९९० पासून, दर चार-पाच वर्षांनी, सगळी नावं पहिल्यापासून पुन्हा लिहून काढतो. तुला माहीत नव्हतं?

मला माहीत नव्हतं. फोन ठेवला आणि जेवलो नाही.

म्हणजे या घडीला बोर्ड तुझ्या घरात आहे, ब्रश तुझ्या हातात आहे, आणि माझं रागाचं पत्र तुझ्या खिशात आहे. तुला जे नाव जिथे लिहायचं ते लिही. अक्षराच्या पुढे तुझं लिहिलंस तर ते बरोबरच असेल. मी २८ तारखेला येऊन वाचेन आणि काही म्हणणार नाही. तू फक्त ये.

सुकदेव


भेस्तान
४ जानेवारी २०२६

प्रिय हेमराज,

या पुडक्यात तुझा शर्ट आहे. तो उलगडण्याआधी हे वाच. त्या दिवशी गजेंद्रने माइक सोडला नाही म्हणून मला तुझ्याशी निवांत बोलता आलं नाही. तू सगळ्यात मागे बसला होतास, माझ्या बाजूने काय झालं ते तुला दिसलं नसेल.

मी पहाटेच्या गाडीने निघून सगळ्यांच्या आधी पोचलो होतो. हॉल रिकामा. चुन्याचा वास. बोर्ड टांगलेला होता आणि खाली तुझी शिडी. मला १९८४ पर्यंत जायला धीर होईना, म्हणून मी १९६६ पासून वाचत आलो. मग आलं. "सुंदर हस्ताक्षर : सुकदेव पाटील." त्याखाली, "टापटीप गणवेश : हेमराज महाजन." काहीच बदललं नव्हतंस. मी बोट लावलं तर बोटाला पांढरा रंग आला, इतकं ताजं होतं ते. माझं रागाचं पत्र वाचूनही तू माझं नाव तिथेच लिहिलंस. सुंदर हस्ताक्षराच्या पुढे, तुझ्या सुंदर हस्ताक्षरात. आणि त्याआधीही सात-आठ वेळा लिहिलं असशील, मी इथे सुरतेत तुझ्यावर रुसलेला असताना.

मी तिथे बराच वेळ उभा होतो. आणि मग मला आणखी एक दिसलं. माझ्या नावाला तू बारीक सावली दिली आहेस, प्रत्येक अक्षराच्या उजव्या अंगाला. तुझ्या नावाला दिलेली नाहीस, ते नुसतं लिहून टाकलं आहेस. तेव्हा आठवलं. बोर्डिंगात तू स्वतःची वही आधी लिहायचास, घाईत, आणि मग हात बसला की माझी. सर चुकले नव्हते, माझी वही खरंच तुझ्या वहीपेक्षा चांगली होती. आणि मी तुझा शर्ट आधी धुवायचो, साबण पुरेपर्यंत. उरलं त्यात माझा. म्हणून तू काच आणि मी करडा. एवढी साधी गोष्ट आपल्या दोघांच्या डोक्यात त्या दिवशी का आली नाही, मला समजत नाही.

पुढचं तू पाहिलंसच. मी मानपत्र वाचायला उभा राहिलो. दोन ओळी गेल्या. तिसरीत माझंच अक्षर मला लागेना. गजेंद्र पाठीमागून "पुढे, पुढे" करत होता. आणि हॉलच्या मागून तू म्हणालास, "ज्यांच्या धाकाने." मी वाचलं, "ज्यांच्या धाकाने आम्ही शिकलो." चौथ्या ओळीत पुन्हा अडलो, पुन्हा मागून तू. म्हणजे कच्चं पान तू पाठ होईपर्यंत वाचलं होतंस. म्हणजे माझं अक्षर तुला वाचता येतं, हेमराज. मग पहिलं पत्रही वाचता आलंच असणार. तो लाल शाईचा नखरा मी विसरणार नाही.

त्यानंतर मी जे सगळ्यांसमोर सांगितलं ते ठरवून आलो नव्हतो. वह्या कोणाच्या हातच्या, शर्ट कोणाच्या हातचा, सगळं सांगितलं. नापास झाल्याचंही. ग्रुपवरच्या एकतीस जणांची तोंडं उघडी. सर हात कानामागे धरून ऐकत होते. मला वाटलं, आता या वयात छडी मागतात की काय. ते म्हणाले, "रजिस्टर बंद झालं आहे. बक्षीस बदलता येणार नाही. खाली बस." मग चष्मा पुसून म्हणाले, "तो दुसरा कुठे आहे?" आणि तू हात मांड्यांना चिकटवून उभा राहिलास, तसाच, शिडीवरून उतरलेला, बाहीवर हिरवा रंग, पोटावर लाल, खांद्यावर पांढरा. सरांनी तुला नीट बघितलं आणि विचारलं, "टापटीपीचं बक्षीस याला कोणी दिलं?"

इतकं हसणं त्या शाळेत पूर्वी आपल्या दोघांवर झालं होतं, वेगवेगळं. या वेळी एकत्र झालं, आणि मला गोड वाटलं.

व्हरांड्यात मी तुला शर्ट काढायला सांगितला तेव्हा तू म्हणालास, "इतलं सांगाले तुले बेचाळीस वरीस लागनात." मी म्हटलं, "आनि तुले?" तू शर्ट काढून दिलास आणि माझा घालून घरी गेलास. माझा तुला पोटावर ढगळ झाला असेल, पण कापड चांगलं आहे, रंग माझ्या हातचा आहे, जाणार नाही. ठेव.

आता तुझ्या शर्टाचं. ऑइल पेंटचे डाग घरच्या साबणाला दाद देत नाहीत. मिलच्या लॅबमध्ये नेला, आधी टर्पेंटाइन, मग कोमट पाणी, मग साबण, तीनदा. कारागिरांना हात लावू दिला नाही. नीळ आता भेस्तानच्या बाजारात मिळत नाही, रंजनाने दोन दिवस हिंडून एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून आणली. खळ भाताच्या पेजेची आहे. इस्त्री मात्र विजेची, तांब्या तापवायचं वय गेलं. कॉलर सरांना दाखव.

पुडक्यावरचा पत्ता प्रियांकाने लिहिला आहे. तुझ्यासाठी तिने वर रेघ मारली आहे. दिवाणखान्यातला फोटो मी काढायला गेलो तर तिने काढू दिला नाही. म्हणाली, पप्पा, आता तो खरा झाला. खाली तिने चिठ्ठी चिकटवली आहे, "अक्षर : हेमराज काका."

गजेंद्रने तुला स्मार्टफोन घ्यायला लावायचं ठरवलं आहे. घेऊ नकोस. तू पत्र लिही. मला वाचायला आवडतं आणि इकडे कोणाला तसं लिहिता येत नाही.

साबणाचा डबा परत मागत नाही, साबण संपला असेल. पण शर्टाच्या खिशात पेन ठेवलं आहे, ते तुझं. टोपण घट्ट लावलं आहे, तरी अजून गळतं. शर्ट खराब झाला तर पाठवून दे.

तुझा
सुकदेव